पाणी वाटणारा इंजिनिअर : सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या



विहाराच्या स्मरणिकेत आपण नेहमी तथागतांचे, बाबासाहेबांचे आणि आपल्या चळवळीसाठी झिजलेल्या माणसांचे चरित्र छापतो. तेच योग्य आहे. परंतु या वेळी मी मुद्दाम चळवळीबाहेरच्या एका मोठ्या माणसाचे चरित्र लिहायला घेतले आहे. त्याला कारण आहे. आपल्या वस्तीतली पोरं आता इंजिनिअरिंगला जातात. डिप्लोमाला जातात, आयटीआयला जातात. तिथे 15 सप्टेंबरला अभियंता दिन साजरा होतो. म्हैसुरी फेटा बांधलेल्या, चष्मा लावलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थाच्या फोटोला हार घातला जातो. ते गृहस्थ म्हणजे सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. ज्या नागपुरात आपण दीक्षाभूमीला जातो, त्याच नागपुरातल्या मोठ्या इंजिनिअरिंग कॉलेजला त्यांचे नाव आहे. तिथे आपलीही मुले शिकून बाहेर पडली. मग हा माणूस होता तरी कोण, हे आपल्या घरात माहीत असायला नको का?

दुसरे कारण असे की या थोर माणसाने आयुष्यात एका प्रश्नावर राज्याचे सर्वात मोठे पद सोडले, आणि तो प्रश्न तुमच्या-आमच्या भाकरीचा होता. शाळेच्या पुस्तकात धरण असते, भारतरत्न असते, तो प्रश्न मात्र नसतो. तथागतांनी कालाम लोकांना शिकवले की कोणी मोठा आहे म्हणून त्याचे सगळे खरे मानू नका, स्वतः पारखून घ्या. त्याच न्यायाने हे चरित्र लिहितो. फुकट शिव्या नाहीत आणि फुकट आरतीही नाही.

गरिबीतले शिक्षण

विश्वेश्वरय्यांचा जन्म 15 सप्टेंबरचा. साल काही पुस्तकांत 1860 आहे, काहींत 1861. गाव मुद्देनहळ्ळी, बंगळूरच्या उत्तरेला चिक्कबळ्ळापूरजवळ. त्या वेळी हा मुलूख म्हैसूर संस्थानात होता. घराणे तेलुगू बोलणाऱ्या ब्राह्मणांचे. त्यांचे पूर्वज आंध्रातल्या मोक्षगुंडम गावचे, म्हणून नावामागे मोक्षगुंडम लागले. वडील श्रीनिवास शास्त्री संस्कृतचे पंडित होते आणि वैद्यकीही करीत. आईचे नाव वेंकटलक्ष्मम्मा. वडील लवकर वारले. घरात विद्या होती, पण पैसा नव्हता.

मुलगा बंगळूरला मामाकडे आला. दुसऱ्यांच्या मुलांच्या शिकवण्या घेऊन शिकला आणि 1881 साली सेंट्रल कॉलेजातून बी.ए. झाला. पुढचे शिक्षण खिशाला परवडणारे नव्हते. तेव्हा म्हैसूर सरकारने त्यांना शिष्यवृत्ती दिली आणि पुण्याच्या सायन्स कॉलेजात इंजिनिअरिंगला पाठवले. 1883 साली ते परीक्षेत पहिल्या नंबराने उत्तीर्ण झाले.

वाचकांनी ही शिष्यवृत्तीची गोष्ट लक्षात ठेवावी. पुढे तिचा संबंध येणार आहे. हुशारी त्यांची होती यात वाद नाही. पण नुसत्या हुशारीवर ते पुण्याला पोचले नसते. सरकारचा हात पाठीवर होता म्हणून पोचले. आपल्या बाबासाहेबांनाही बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी शिष्यवृत्ती दिली, तेव्हाच ते 1913 साली अमेरिकेला जाऊ शकले. गरिबाच्या हुशार पोराला वर यायला आधार लागतो. तो ब्राह्मणाचा असो की महाराचा.

आपल्या मुलखातली चोवीस वर्षे

1884 साली ते मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात असिस्टंट इंजिनिअर म्हणून नोकरीला लागले. पहिली नेमणूक नाशिकला झाली. खानदेशात धुळ्याच्या बाजूला पांझरा नदी आडवी येत होती आणि पाटाचे पाणी पलीकडे न्यायचे होते. त्यांनी नळ टाकून नदीपलीकडे पाणी काढले. हे काम तरुण वयात केले, आणि तेही ऐन पावसाळ्याच्या अडचणी सोसून.

पुढे त्यांना सिंधमध्ये सक्करला पाठवले. सिंधू नदीचे पाणी म्हणजे गाळच गाळ. गाळायची मोठी टाकी बांधायला पैसे नव्हते. त्यांनी नदीच्या पात्रातच विहीर घेतली. वाळूतून झिरपून आलेले स्वच्छ पाणी त्या विहिरीत जमा होई आणि मग ते शहराला मिळे. जी वाळू अडचण वाटत होती, तिलाच गाळणी करून टाकले. हे 1895 च्या सुमाराचे काम. 1906 साली त्यांना एडनला पाठवले गेले आणि तिथल्या पाण्याची आणि गटारांची योजना त्यांनी करून दिली.

पुण्याला त्यांनी केलेली दोन कामे तर नीट समजून घेण्यासारखी आहेत.

पहिले काम खडकवासल्याचे. धरण भरले की जादा पाणी सांडव्यावरून वाहून फुकट जाई, आणि उन्हाळ्यात टंचाई होई. भिंत उंच करावी तर खर्च मोठा आणि जुन्या भिंतीला धोका. विश्वेश्वरय्यांनी सांडव्यावर आपोआप चालणारे दरवाजे बसवले. पाणी ठरलेल्या पातळीपर्यंत आले तरी दरवाजे बंदच राहत. त्याच्या वर चढले की पाण्याच्याच जोराने आणि वजनांच्या तोलाने ते उघडत. पूर उतरला की पुन्हा आपोआप बंद होत. त्यामुळे भिंत न वाढवता तलावात सुमारे आठ फूट जास्त पाणी राहू लागले. 1903 चे हे काम. असेच दरवाजे पुढे ग्वाल्हेरकडच्या तिग्रा धरणावर आणि म्हैसूरच्या मोठ्या धरणावर बसवण्यात आले.

दुसरे काम पाटाच्या पाण्याचे. नीरेच्या कालव्यावर असे व्हायचे की कालव्याच्या तोंडाशी ज्यांची जमीन, ते भरमसाट पाणी घ्यायचे. शेवटच्या टोकाच्या गावाला कोरडा पाट बघत बसावे लागे. वर पाण्याने जमीन चिबडून खराब व्हायची आणि खाली पीक जळायचे. विश्वेश्वरय्यांनी ब्लॉक पद्धत आखली. जमिनीचे पट्टे पाडायचे, ऊस, भात आणि कमी पाण्याची पिके आळीपाळीने घ्यायची, आणि ठरलेले पाणी ठरलेल्या पट्ट्याला द्यायचे. हेतू हा की थोड्या गावांनी सगळे पाणी न पिता जास्तीत जास्त गावांना त्याचा लाभ व्हावा. बागायतदारांनी विरोध केला. वर्तमानपत्रांत टीकाही झाली. तरी ते मागे हटले नाहीत. शेतकऱ्यांशी बसून बोलले आणि पद्धत लागू केली.

पाण्याची वाटणी न्यायाने झाली पाहिजे, ही गोष्ट आपल्याला कोणी शिकवायला नको. बाबासाहेबांच्या बुद्ध आणि त्यांचा धम्म या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागामागे शाक्य आणि कोलिय यांच्यातले रोहिणी नदीच्या पाण्याचे भांडण आहे. आणि 20 मार्च 1927 रोजी महाडला आपले लोक गेले ते पाण्यासाठीच. म्हणून मी म्हणतो, नीरेच्या कालव्यावरचा हा इंजिनिअर आपल्याला परका वाटू नये.

चोवीस वर्षे नोकरी करून 1908 साली त्यांनी स्वतःहून निवृत्ती घेतली. गोऱ्या साहेबांच्या राज्यात चीफ इंजिनिअरची खुर्ची हिंदी माणसाला मिळण्यासारखी नव्हती. लायकी असून जन्मामुळे दार बंद, हा अनुभव त्यांनाही थोडाबहुत आला म्हणायचा.

हैदराबाद आणि म्हैसूर

त्याच वर्षी, 28 सप्टेंबर 1908 रोजी, हैदराबादेत मुसी नदीला भयंकर पूर आला. हजारो माणसे बुडाली, वस्त्या वाहून गेल्या. निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांना बोलावले. त्यांनी सांगितले की शहराच्या वरच्या बाजूला तलाव बांधून पूर तिथेच अडवला पाहिजे. त्यांच्या योजनेतून पुढे उस्मानसागर आणि हिमायतसागर हे तलाव झाले. पूरही अडला आणि शहराला पिण्याचे पाणीही मिळाले.

1909 च्या अखेरीस म्हैसूर संस्थानाने त्यांना चीफ इंजिनिअर म्हणून बोलावून घेतले. महाराजा होते नालवडी कृष्णराज वडियार. कावेरीवर कन्नंबाडी गावाजवळ धरण बांधायचे ठरले आणि 1911 साली काम सुरू झाले. त्याच जागी टिपू सुलतानानेही बंधारा घालायचे मनात आणले होते. त्याचा फारसी शिलालेख कामाच्या वेळी सापडला, तो आजही धरणाच्या दाराशी लावलेला आहे. आपल्याकडे तेव्हा सिमेंट सहज मिळत नव्हते, म्हणून चुना आणि विटांची सुरखी वापरून ती प्रचंड भिंत उभी केली. मद्रास सरकारने पाण्यावरून हरकत घेतली, त्यामुळे तंटाही बराच चालला. धरण पुरे व्हायला 1931-32 उजाडले. तेच आजचे कृष्णराजसागर. त्याने मंड्याच्या कोरडवाहू जमिनीवर ऊस आणि भात उभा राहिला. तसेच कोलारच्या सोन्याच्या खाणींना वीज पुरवणाऱ्या शिवसमुद्रमच्या केंद्राला बारा महिने पाणी मिळू लागले. धरणाच्या पोटात जुनी गावे गेली, हेही विसरू नये. ज्यांची घरे बुडाली त्यांच्या नावाची पाटी कुठल्याच धरणावर नसते.

इंजिनिअरचा दिवाण झाला

नोव्हेंबर 1912 मध्ये महाराजांनी विश्वेश्वरय्यांना म्हैसूरचे दिवाण केले. दिवाण म्हणजे आजच्या भाषेत राज्याचा मुख्यमंत्रीच समजा, फक्त नेमणूक महाराजांच्या हातची. असे सांगतात की पद घेण्याआधी त्यांनी नातेवाइकांना जमवून बजावले की कोणीही माझ्याकडे वशिला घेऊन यायचे नाही. हे कबूल असेल तरच मी दिवाण होतो. आजकालच्या पुढाऱ्यांनी हे वाचून घ्यावे.

पुढच्या सहा वर्षांत त्यांनी जेवढे उभे केले तेवढे दुसऱ्याला तीस वर्षांत जमले नसते. 1913 साली बँक ऑफ म्हैसूर. त्याच वर्षी काही भागांत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा. 1915 साली कन्नड साहित्य परिषद. 1916 साली म्हैसूर विद्यापीठ. 1917 साली बंगळूरचे इंजिनिअरिंग कॉलेज. चंदनाच्या तेलाचा कारखाना आणि साबणाचा कारखाना यांची सुरुवातही त्याच काळातली. भद्रावतीच्या लोखंडाच्या कारखान्याची आखणीही तेव्हाचीच. प्रजाप्रतिनिधी सभेला त्यांनी जास्त अधिकार दिले. देशाला यंत्र पाहिजे, कारखाना पाहिजे, आकडेवार योजना पाहिजे, हा त्यांचा ध्यास. 1915 साली ब्रिटिश सरकारने त्यांना सर ही पदवी दिली.

राजीनामा

आता मूळ मुद्द्याकडे येतो.

म्हैसूर संस्थानात ब्राह्मणांची संख्या शेकडा पाचसुद्धा नव्हती. पण सरकारी कचेऱ्यांत वरच्या जागांपैकी निम्म्याहून पुष्कळ जास्त जागा त्यांच्याकडे होत्या. वक्कलिग, लिंगायत, मुसलमान आणि इतर समाजांतल्या शिकलेल्या लोकांनी 1917 साली प्रजामित्र मंडळी नावाची संघटना काढली आणि 1918 साली महाराजांपुढे आपले गाऱ्हाणे मांडले. महाराजांना ते पटले. त्यांनी मुख्य न्यायाधीश सर लेस्ली मिलर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली.

विश्वेश्वरय्यांना हे मान्य नव्हते. त्यांचे म्हणणे असे की नोकरी ही जात पाहून नाही तर योग्यता पाहून दिली पाहिजे. मागासलेल्यांना शाळा द्या, शिष्यवृत्त्या द्या, ते शिकतील आणि आपोआप वर येतील. जागा राखून ठेवल्या तर कारभाराचा दर्जा घसरेल. महाराज आपल्या मतावर ठाम राहिले. तेव्हा 1918 च्या डिसेंबरात विश्वेश्वरय्या दिवाणपदावरून दूर झाले.

त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाही. त्यांनी आपल्या भाच्या-पुतण्यांसाठी खुर्ची वापरली नाही आणि मत बदलून खुर्चीला चिकटूनही राहिले नाहीत. पण प्रामाणिक माणूसही चुकू शकतो, आणि इथे ते चुकले असे माझे स्पष्ट मत आहे.

का ते सांगतो. 1918 च्या एकच वर्ष आधी, 1917 साली, बाबासाहेब बडोद्याला नोकरीला गेले होते. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला माणूस! योग्यता कमी होती का? त्या कचेरीतले शिपाईसुद्धा विटाळ होईल म्हणून त्यांच्या टेबलावर लांबून फायली फेकत. राहायला घर मिळाले नाही. पारशाच्या धर्मशाळेतूनही त्यांना हुसकून लावले. शेवटी नोकरी सोडून परत यावे लागले. म्हणजे आधी शिका मग आपोआप वर याल, हे सूत्र शिकलेल्यातल्या शिकलेल्या माणसाच्या बाबतीत खोटे ठरले होते. अडचण योग्यतेची नव्हती. अडचण दाराशी उभ्या असलेल्या माणसाची होती.

आपल्या गिरणगावातले उदाहरण घ्या. मुंबईच्या गिरण्यांत आपल्या वाडवडिलांना विणकाम खात्यात, म्हणजे साच्यावर, घेत नसत. का, तर धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्यामुळे दुसऱ्यांना विटाळ होई. साच्यावर पगार जास्त. बाबासाहेबांनी 1928-29 च्या संपांच्या वेळी हा प्रश्न उघडपणे मांडला. ज्याला साच्याला हातच लावू दिला नाही, त्याला साचा चालवायची योग्यता येणार कुठून? पाण्यात उतरू द्यायचे नाही आणि पोहता येत नाही म्हणून हिणवायचे, त्यातलाच हा प्रकार.

आणि खुद्द विश्वेश्वरय्यांच्याच कामाकडे पाहा. नीरेच्या कालव्यावर ते असे म्हणाले नाहीत की वरच्या शेतकऱ्याकडे पाणी घेण्याची योग्यता आहे म्हणून सगळे त्यालाच जाऊ द्या, खालच्याला आपोआप मिळेल. तिथे त्यांनी ओळखले होते की पाणी आपोआप शेवटच्या शेतापर्यंत पोचत नाही. ते मोजून, ठरवून, नियम करून पोचवावे लागते. वरच्याचा राग सोसावा लागतो. पाण्याला जो न्याय त्यांनी लावला, तो माणसांना लावला असता तर मिलर समिती त्यांनी स्वतःच नेमली असती!

मिलर समितीने 1919 साली अहवाल दिला. सात वर्षांच्या आत वरच्या जागांपैकी निम्म्या आणि खालच्या जागांपैकी दोन तृतीयांश जागा मागासलेल्या समाजांना मिळाव्यात, अशी शिफारस केली. 1921 साली महाराजांच्या सरकारने तसा हुकूम काढला. या हुकुमात मागासलेले म्हणजे जवळजवळ सगळे ब्राह्मणेतर धरले होते. त्यामुळे पहिला घास जमीनवाल्या मोठ्या जातींना मिळाला, अस्पृश्यांच्या ताटात फार थोडे पडले, हेही खरे. तरीसुद्धा दार उघडले ते उघडलेच. आपल्याकडे राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात 26 जुलै 1902 रोजीच निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला होता. कोल्हापूर आणि म्हैसूर या दोन संस्थानांनी जी वाट दाखवली, ती पुढे बाबासाहेबांच्या संविधानात साऱ्या देशाची वाट झाली. म्हैसूर बुडाले नाही. कचेऱ्या बंद पडल्या नाहीत. तेच राज्य पुढेही चांगल्या कारभारासाठी नावाजले गेले.

पुढचे आयुष्य

राजीनाम्यानंतर विश्वेश्वरय्या स्वस्थ बसले नाहीत. 1923 साली भद्रावतीचा लोखंडाचा कारखाना तोट्यात होता. त्याची जबाबदारी त्यांनी घेतली आणि तो मार्गी लावला. टाटांच्या पोलाद कंपनीचे ते अनेक वर्षे संचालक होते. 1934 साली त्यांनी भारतासाठी नियोजित अर्थव्यवस्था या विषयावर पुस्तक लिहिले. पंचवार्षिक योजनेचे नाव निघण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. मोटारीचा कारखाना मुंबईत निघावा म्हणून त्यांनी वालचंद हिराचंद यांच्या बरोबरीने खटपट केली. नव्वदी ओलांडल्यावर बिहारमध्ये मोकामा येथे गंगेवरचा पूल कुठे व्हावा हे ठरवण्याच्या कामात ते होते.

एक गोष्ट फार थोड्यांना माहीत आहे. 1937 साली ओरिसात महानदीला मोठे पूर आले. तेव्हा विश्वेश्वरय्यांनी तिथे जाऊन पाहणी केली आणि नदीवर मोठे जलाशय बांधावेत असे सुचवले. पुढे 1942 ते 1946 या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. पाटबंधारे आणि वीज हे विषय त्यांच्याच खात्याकडे होते. 8 नोव्हेंबर 1945 रोजी कटकला जी परिषद झाली तिचे अध्यक्ष बाबासाहेब होते. पाणी हा शाप नसून संपत्ती आहे, ते धरून ठेवले तर पूर, दुष्काळ आणि रोगराई तिन्ही हटतील, अशी भूमिका त्यांनी तिथे मांडली. त्यातून हिराकूड धरणाचे काम पुढे गेले. 13 जानेवारी 1957 रोजी त्याचे उद्घाटन झाले, तेव्हा बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाला जेमतेम महिना उलटला होता. नोकऱ्यांच्या वाटणीत ज्यांची मते दोन टोकांना होती, त्या दोन माणसांचे विचार महानदीच्या काठी एका धरणात एकत्र आले.

1955 साली विश्वेश्वरय्यांना भारतरत्न मिळाले. एप्रिल 1962 मध्ये, शंभर वर्षांचे दीर्घ आयुष्य जगून, त्यांचे निधन झाले. शेवटपर्यंत कपडे नीटनेटके, वेळ काटेकोर, कागद व्यवस्थित. मागे स्वतःसाठी इस्टेट जमवली नाही.

आपण काय घ्यायचे

आपल्या मुलांनी या माणसाकडून वेळ पाळणे घ्यावे. हिशेब चोख ठेवणे घ्यावे. हातातले काम पूर्ण समजून घेतल्याशिवाय तोंड न उघडणे घ्यावे. वशिल्याला दारात उभे न करणे तर नक्कीच घ्यावे. इंजिनिअर झालेल्या आपल्या मुलाने पूल बांधला तर तो शंभर वर्षे टिकला पाहिजे. तेच आपले उत्तर.

पण कॉलेजात कोणी योग्यतेच्या नावाने टोमणा मारला, आणि त्यासाठी विश्वेश्वरय्यांचा दाखला दिला, तर मान खाली घालू नका. नीट, शांतपणे सांगा की तेही सरकारी शिष्यवृत्तीवर शिकले होते. सांगा की नीरेच्या कालव्यावर शेवटच्या गावाला पाणी मिळावे म्हणून नियम करणारे तेच होते. आम्ही त्या शेवटच्या गावची माणसे आहोत. आमच्या वाटणीचे पाणी आम्ही मागतो आहोत, दुसऱ्याचे नाही.

आणि पाट आपल्या दारापर्यंत आला म्हणून आपणही बांध घालून बसू नये. ज्यांना नोकरी मिळाली, घर मिळाले, त्यांनी आपल्या मागच्या वस्तीत अजून पाणी पोचले का, हे वळून पाहावे. विहाराच्या अभ्यासवर्गाला महिन्यातून एक रविवार दिला तरी पुष्कळ होईल.

भवतु सब्ब मंगलम्. जय भीम! नमो बुद्धाय!